पाव किलो पोलाद

डिसेंबर अर्धा सरला की जबलपुरात, चेरीतालच्या आमच्या गल्लीत मटार येतो. येतो म्हणणं फार सौम्य झालं, तो कोसळतो. हातगाड्यांवर, सायकलीच्या कॅरियरवर, ओट्या-ओट्यांवर नुसत्या हिरव्या राशी. सकाळच्या धुक्यात गाडीवाल्याची हाक आधी येते आणि गाडी मागून दिसते. दुपारी ऊन अंगणात उतरलं की घरोघरच्या बायका परात घेऊन बसतात, आणि शेंग फुटल्याचा तो बारीकसा टच आवाज गल्लीभर पसरतो. आमच्याकडे वर्षाचा मटार सोलून पिशव्यांत भरायचा रिवाज आहे. आठ-दहा दिवस नखं हिरवी राहतात आणि बोटांना कच्च्या गवतासारखा वास येतो.

त्या वासाबरोबर मला दुसराही एक वास हमखास आठवतो, कापलेल्या लोखंडावर तेल पडल्यावर येणारा. हे दोन वास एकमेकांचे कोणी लागत नाहीत. पण चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते आमच्या घरात एकत्र राहिले, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात त्यांची ताटातूट झालेली नाही.

मी मूळची अमरावतीची. लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा माझ्या सामानात एक इलेक्ट्रिक गिटार होती. कॉलेजात असताना शिकवण्या करून घेतलेली, साधीच, पण जिवापाड जपलेली. प्रसाद, माझा नवरा, तेव्हा कटनीला नोकरीत होता आणि शनिवार-रविवार घरी यायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघं : सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, सासरे म्हणजे बाबा, आणि मी.

बाबा जबलपूरच्या एका मोठ्या कारखान्यात टर्नर होते. चौतीस वर्षं लेथवर उभे राहिलेले. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. नव्या सुनेला सासऱ्याची जी एक धास्ती असते ती मला त्यांची जरा जास्तच होती, कारण ते रागावत नसत, हसत नसत, फक्त "हो, हो" म्हणत आणि पेपरात डोकं घालत.

लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यातली गोष्ट. बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. मी मोठ्या धीरानं गिटार काढली, छोट्या अँप्लिफायरला जोडली आणि दहा-पंधरा मिनिटं हळूहळू वाजवली. मग विचारलं, "बाबा, आवाजाचा त्रास होतो का?"

पेपरातून डोकं न काढता ते म्हणाले, "हो, हो."

मी गिटार पेटीत ठेवली. पेटी कपाटावर गेली. पाच वर्षं ती तिथेच राहिली.

कुणी मनाई केली नव्हती, कुणी काही बोललंही नव्हतं. प्रसाद एकदा म्हणाला, "अगं, पुन्हा एकदा विचार ना त्यांना." पण एकदा मिळालेलं उत्तर पुन्हा मागायला जायचं, हे माझ्या स्वभावात नाही. मी विजय नगरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले. बोटांच्या टोकांवरचे घट्टे मऊ पडले. कपाट झाडताना पेटीवरून फडका फिरवायचा आणि पुढे जायचं, इतकीच आमची भेट. मनात मात्र बाबांबद्दल एक बारीक अढी बसली ती बसलीच. त्यांना चहा देताना, औषधं आणताना, त्यांच्या गरम टोपीचं उसवलेलं टोक शिवतानाही ती होती.

त्या हिवाळ्यात मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाची जुळवाजुळव चालली होती. मंडळाच्या कल्पनाताई आमच्याकडे आल्या. आई अंगणात मटार सोलत होत्या, त्यांच्या शेजारी बसून त्याही सोलू लागल्या आणि कुरकुरल्या, "दरवर्षी तीच भावगीतं. आजकालची मुलं येतच नाहीत. त्यांच्यासाठी काहीतरी पाहिजे ना."

आई शेंगेतून मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या मृणालला सांगा. गिटार वाजवते ते, करंटवाली."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. पाच वर्षांत आईंनी त्या पेटीचा एकदाही उल्लेख केला नव्हता, आणि आता असं सहज, जणू मी काल संध्याकाळीच वाजवत होते. कल्पनाताई गेल्यावर मी म्हटलं, "आई, काहून सांगितलंत? मला आता येत नाही ते."

"सायकल विसरतं का कोणी? काढ खाली."

काढली. तारा गंजल्या होत्या, त्या बदलल्या. बाबा फिरायला गेलेले बघून वाजवली आणि मन खट्टू झालं. बोटं अडखळत होती, पण त्याचं वाईट वाटलं नाही, ते अपेक्षितच होतं. वाईट वाटलं ते सुराचं. तार छेडली की सूर उठायचा आणि उठता उठताच बसायचा. विझत्या काडीसारखा. पूर्वीही तो असाच होता का? असणार. पण कॉलेजात आम्ही मित्रमैत्रिणी इतकं भरभर वाजवायचो की एका सुराला किती आयुष्य आहे ते कळायला सवडच नव्हती. आता माझी बोटं संथ झाली होती, आणि संथ वाजवणाऱ्याला लांब टिकणारा सूर लागतो.

आई आतून ऐकत होत्या. लहानपणी दोन वर्षं त्या शेजारच्या बाईंकडे सतार शिकल्या होत्या. हात पुसत बाहेर आल्या. "याला आस नाही गं," म्हणाल्या. "तार छेडल्यावर सूर मागे रेंगाळतो ना, त्याला आमच्या बाई आस म्हणायच्या. हा तर लगेच उठून चालला."

इंग्रजीत ज्याला सस्टेन म्हणतात त्याला आपल्याकडे इतका सुंदर शब्द आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात बाबा फिरून आले. मी घाईनं गिटार पेटीत ठेवू लागले, पण ते सरळ माझ्यापाशी आले. "काय झालं?" त्यांनी आईंना विचारलं. आईंनी हातवारे करून सांगितलं. बाबा खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "वाजव."

मी एक तार छेडली. त्यांनी गिटारच्या पाठीवर चार बोटं टेकवली, जशी एखादी आई तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवते. "पुन्हा." मी पुन्हा छेडली. त्यांचे ओठ हलत होते, ते आकडे मोजत होते. चारवर थांबले.

"मागून उघडते का हे?"

उघडलं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये जिथे तारा अडकतात तो पूल काही गिटारींत पक्का नसतो, तो झुलतो. त्याला एक दांडी असते. ती दाबली की सूर लहरतो. याला ट्रेमोलो म्हणतात. पुलाच्या खाली, लाकडाच्या पोटात, धातूचा एक ठोकळा लोंबतो. तारा त्याच्यातून ओवलेल्या असतात आणि मागून स्प्रिंगा त्याला धरून ठेवतात. बाबांनी चष्मा लावला, त्या ठोकळ्यावर नखानं टकटक केलं, आणि पाच वर्षांत मी पहिल्यांदा त्यांना वैतागलेलं पाहिलं.

"हे काय लावून ठेवलं आहे जी! जस्त ओतून केलेलं. पातळ, पोकळ. सारा थरथराट हेच खाऊन राहिलं. तार बिचारी काय करेल? इथे पोलाद पाहिजे, भरीव, जड."

"असा ठोकळा विकत मिळतो, बाबा. मागवावा लागेल."

"काहून मागवायचा? मी काय मेलो का?"

दुसऱ्या दिवसापासून घरातलं वारं बदललं. व्हर्निअर कॅलिपर माळ्यावरून खाली आलं, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं, चकचकीत. मी म्हटलं, "जुना ठोकळाच काढून न्या ना नमुन्याला." तर म्हणाले, "मग तू वाजवशील कशावर? कार्यक्रम जवळ आला. तू वाजवून राहा, मी माप घेतो." त्यांनी मापं सांगितली, मी लिहिली. तारांची सहा भोकं, पुलाला जोडणारे तीन स्क्रू, दांडीचं एक भोक, त्याला आतून आटे. संध्याकाळी मी चौकटीच्या कागदावर नीटस नकाशा काढला.

मदन महालच्या बाजूला तिवारीजींची खरादची, म्हणजे लेथकामाची, शाळा आहे. शाळा हा बाबांचा शब्द, खरं म्हणजे पत्र्याच्या छताखाली एक लेथ, एक ड्रिल आणि कापण्या-घासण्याची दोन मशिनं. तिवारीजी कारखान्यात बाबांच्या हाताखाली शिकलेले. सकाळी बाबा गरम टोपी, मफलर घालून निघाले. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, त्यावरून मी ओरडले, "बाबा, नकाशा मागून बघून काढलाय हं! समोरून समजू नका!"

दारातून त्यांनी हात वर केला. "हो, हो."

दोन दिवसांनी दुपारी ते परतले. अंगणात ऊन होतं, आई आणि मी परातीशी बसलो होतो. बाबांनी रुमालाची घडी माझ्या हातात दिली. आत ठोकळा होता. पाव किलोच्या वर वजन, आरशासारख्या कडा, एकेक भोक असं की कडेवरून बोट फिरवलं तर रेशीम लागावं. मी इतकं सुंदर लोखंड त्याआधी पाहिलं नव्हतं. "बाबा!" एवढंच माझ्या तोंडून निघालं. ते खाली बघत होते, पण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी तारा सोडल्या, जुना ठोकळा काढला. बाबांनी नवा पुलाखाली धरला आणि थांबले. काढला, फिरवला, पुन्हा धरला. दांडीचं भोक उलट्या बाजूला आलं होतं. आरशात बघितल्यासारखा सगळा ठोकळा उलटा झाला होता. फिरवून बसवायचा तर तारांची भोकं चुकत होती.

मी काही बोलायच्या आत त्यांनी नकाशा खिशातून काढला, उजेडात धरला. "हा... मागून काढला आहे का?"

"हो. मी सांगितलं होतं तुम्हाला, निघताना."

त्यांनी कागद पालथा करून मागच्या बाजूनंही बघितला. चौतीस वर्षं ज्याच्या हातचा नग कधी परत आला नव्हता, असा तो माणूस. मी घाईघाईनं म्हणाले, "माझीच चूक आहे, कागदावर लिहायला हवं होतं." आणि तसं ते होतंही. रोज मुलांना सांगते, आकृतीला नाव द्या, आणि स्वतः दिलं नव्हतं.

बाबांनी मान हलवली. "नाही. तू सांगितलं असशील. मी ऐकलंच नाही." मग परातीकडे बघत, जणू मटारालाच सांगत असल्यासारखे म्हणाले, "मला ऐकू येत नाही मृणाल. समोर असला माणूस तर ओठ पाहून समजते. मागून कोणी बोललं, की मी हो म्हणतो."

शेंग फुटल्याचे आवाज थांबले. आईंनी हातातली शेंग तशीच धरली होती. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. मग त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून समोर सरकून, मोठ्यानं, "किती दिवस झाले हो?"

"रिटायर व्हायच्या पहिलेपासून. मशीनचा आवाज खाऊन गेला कान. सांगू काय त्यात?"

मी उठले, त्यांच्या समोर जाऊन बसले आणि एकेक शब्द सुटा करत विचारलं, "बाबा, मी लग्न होऊन आले, तेव्हा एकदा गिटार वाजवून तुम्हाला विचारलं होतं. आवाजाचा त्रास होतो का. तुम्ही पेपर वाचत होता."

"मग? मी काय म्हणलो?"

"हो, हो म्हणालात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आतल्या खोलीतल्या कपाटाकडे, जिथे ती पेटी पाच वर्षं होती. त्यांना कळायला दोन क्षण लागले. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मलाच बघवेना.

"पोरी," ते म्हणाले, "मला वाटलं तू विचारून राहिली, चहा घेता का."

आईंना हसू फुटलं. असं फुटलं की मांडीवरची परात कलंडली आणि मटार अंगणभर घरंगळले. मीही हसायला लागले. हसता हसता बघितलं तर आई पदरानं डोळे पुसत होत्या आणि बाबा खाली वाकून एकेक दाणा वेचत होते.

"चहा आला नाही तर मला राग आला होता थोडा," दाणे वेचत ते म्हणाले.

कुणी कुणाची माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धतही नाही. पाच वर्षांची अढी कुठे गेली ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की त्या दिवशी चहा मी तीनदा केला.

बाबा पुन्हा तिवारीजींकडे जायला तयार नव्हते. "आता माझा भरोसा नाही," म्हणाले. तिसऱ्या दिवशी माझ्या शाळेला सुट्टी होती. मी स्कूटर काढली, जुना ठोकळा पिशवीत टाकला, कागदावर मोठ्या अक्षरांत 'समोरून' आणि 'मागून' लिहिलं आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "चला. मी बाजूला उभी राहते. जे सांगायचं ते समोर येऊन सांगेन."

"तुझी सुट्टी खराब होईल."

"होऊ द्या."

मदन महालची टेकडी धुक्यातून अर्धीच वर आली होती. तिवारीजींनी मला बघून स्टूल पुसून दिलं. "आइए दीदी, बैठिए. उस्ताद, इस बार क्वालिटी इन्स्पेक्टर साथ लाए हैं?" बाबांना शब्द ऐकू गेले नसावेत, पण तिवारीजींचं हसू दिसलं, आणि तेही हसले.

मी त्यांना पहिल्यांदा काम करताना पाहिलं. घरातले बाबा आणि मशीनपाशी उभे असलेले बाबा एक नव्हते. खांदे सैल झाले होते. ड्रिल पोलादात उतरत होतं, तेलाचा धूर येत होता, कीस कुरळा होऊन खाली पडत होता. कानांवर भरवसा नव्हता म्हणून ते एक हात मशीनच्या अंगावर ठेवून होते, आणि एकदा ड्रिल अडणार हे तिवारीजींच्या आधी त्यांना कळलं. दर भोकाआधी ते माझ्याकडे बघत. मी कागद समोर धरून बोट दाखवत असे. ते मान हलवत, आणि आता त्या मान हलवण्याला अर्थ होता. दुपारी तिवारीजींच्या घरून मटाराच्या कचोऱ्या आल्या. आम्ही तिघांनी त्या तेलकट हातांनीच खाल्ल्या.

ठोकळा बसला. पुलाच्या ज्या धारेवर सगळा झोक असतो तीही बाबांनी घासून साफ केली, स्प्रिंगा बदलल्या. तारा चढवून मी सूर जुळवले. मी तार छेडली.

सूर उठला आणि बसला नाही. तो उभा राहिला, खोलीभर फिरला, मग सावकाश, आपल्या मर्जीनं, निघाला. बाबांची चार बोटं गिटारच्या पाठीवर होती. ओठ हलत होते. अकरा. बारा. आईंनी डोळे मिटले होते. "आली," त्या म्हणाल्या. "आस आली."

संक्रांतीचा कार्यक्रम जसा होतो तसा झाला. माईक मध्येच बंद पडला, पुढच्या रांगेतलं एक बाळ रडलं, दुसऱ्या तुकड्यात माझी बोटं साफ घसरली. पण शेवटचा सूर मी लांब सोडला आणि तो टिकला. लोकांना वाटलं संपलं, ते टाळ्या वाजवू लागले. बाबा पहिल्या रांगेत माझ्या हाताकडे बघत बसले होते. माझं बोट अजून तारेवर आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांनी मागे वळून हात वर केला. "थांबा जी! अजून चालू आहे." सगळे हसले आणि थांबलेही.

त्याला आता चार वर्षं झाली. गिटार आता पुढच्या खोलीत भिंतीला टेकून असते. प्रसादची बदली जबलपूरला झाली. कानाच्या मशीनबद्दल मात्र बाबा ऐकून घेत नव्हते, आणि "ऐकून घेत नव्हते" असं मी म्हटलं की घरात सगळे हसायचे. "इतके दिवस चाललं ना? चालू दे." शेवटी या डिसेंबरात काय मनात आलं कोण जाणे. आई परातीपलीकडून काहीतरी बोलल्या, बाबांना ते तीनदा विचारावं लागलं, आणि चौथ्यांदा ते म्हणाले, "चलो, घेऊन टाकू."

गेल्या मंगळवारी विजय नगरच्या डॉक्टरांनी त्यांच्या दोन्ही कानांत ती इवलीशी यंत्रं बसवली. घरी येईपर्यंत त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. स्कूटरचा आवाज फार, नळाचा फार, "तुमची आई इतक्या जोरात बोलते?" मग पुढच्या खोलीत आले, खुर्ची ओढली, आणि हात मांडीवर ठेवून म्हणाले, "वाजव."

मी एकच तार छेडली आणि सोडून दिली.

ते ऐकत होते. बोटं कुठेच टेकवली नव्हती. सूर विरून गेला तरी हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "असा आहे का हा? मी तर समजून राहिलो होतो, भारी असेल. मशीनसारखा. हा तर किती बारीक आहे."

मी पुन्हा तार छेडली, या वेळी मध्येच बोट ठेवून सूर थांबवला. बाबांनी मान तिरपी केली. कपाळावर आठी पडली.

"मागे काय वाजून राहिलं?"

"कुठे? काहीच नाही, बाबा."

"आहे ना. तू थांबवलं, तरी मागे वाजून राहिलं. ऐक."

मी तार छेडली, थांबवली, श्वास रोखला. खरंच होतं. गिटारच्या पोटातून, अगदी खोलवरून, स्प्रिंगांची एक पातळ गुणगुण येत होती. चार वर्षं मी रोज वाजवत होते आणि मला ती कधी ऐकू आली नव्हती.

"स्प्रिंगा आहेत," मी म्हटलं. "सूर थांबला तरी त्या थरथरत राहतात. मागे कापडाची पट्टी लावली की बंद होईल. आणू का स्क्रू ड्रायव्हर?"

बाबा उठले. मला वाटलं चष्मा शोधताहेत. पण त्यांनी खुर्ची थोडी आणखी जवळ ओढली आणि पुन्हा बसले.

"असू दे," ते म्हणाले. "काही दिवस ऐकून घेतो."